जर्दाळू फुलायच्या आत

त्या शुक्रवारी अबू फायेझ येणार हे आठवडाभर आधीच ठरलं होतं, तरी शुक्रवार उजाडला तेव्हा त्याला काय सांगायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. सासऱ्यांना काका आणि सासूला काकू म्हणायचं, ही आमची रीत. काका म्हणजे हाजी रागिब; त्यांची मुलं त्यांना याबा म्हणायची. आसी नदीवर हमा शहरात जेवढे रहाट फिरायचे त्यातले बरेचसे त्यांच्या हातचे, आणि सगळ्यांत मोठी ‘सबाहिया’. खालच्या बागांना पाणी चढवायची ती. चार घरं एकावर एक ठेवली तरी तिच्या माथ्याला पोचणार नाहीत, असं आम्ही म्हणायचो. हिवाळ्याच्या तोंडी तिची मधली लाट, म्हणजे चाकाचा आस, तडकली. लाट गेली की सारं चाकच उतरवायचं, आणि उतरवलं की नव्याने उभं करायचं.

दोन वर्षांपूर्वी वरच्या बागांनी डिझेलचा पंप आणला होता. वारा इकडचा असला की त्याचा वास आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. खालच्या बागांतले तरुण मालकही आता पंप पंप करू लागले होते. अबू फायेझ त्या सगळ्या बागवाल्यांचा मुखिया. त्याचा निरोप सरळ होता. जर्दाळू फुलायच्या आत सबाहिया फिरणार असेल तर शब्द द्या, नाहीतर आम्ही पंपाची बोलणी करतो. एक उन्हाळा कोरडा उभा राहिलेला रहाट पुन्हा कधी रहाट होत नाही, सरपण होतो. माझ्या मोठ्या दिरांना, ममदूहभावजींना, दुसरं काहीच येत नव्हतं. शब्द त्यांनीच द्यायचा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा.

आता शब्द देणं म्हणजे नुसतं बोलणं नव्हे. मिस्त्रीने लाकूड तासायचा आपला वाकस काढून मागणाऱ्याच्या हातात द्यायचा. रहाट फिरेपर्यंत तो वाकस त्याच्या घरी खुंटीला टांगलेला राहतो. मग इतके दिवस मिस्त्री लाकूड कशाने तासतो, असा प्रश्न मला लग्न होऊन आले तेव्हाच पडला होता. पण नव्या सुनेने असलं काही विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नव्हतं.

दुपारी मोठ्या थाळ्याभोवती आम्ही बसलो. मसूर घातलेला गव्हाच्या दलियाचा बुरगुल, वर तळलेला कांदा, बाजूला ऑलिव्ह आणि सलगमचं लोणचं. पहिला घास पोटात जायच्या आत नझीर म्हणाला, “दीड महिना.” नझीर म्हणजे माझा नवरा. नगरपालिकेत पाणी खात्यात होता आणि घरात सगळ्यांत जास्त पंपाला घाबरायचा तोच, कारण पंपाचे अर्ज त्याच्याच टेबलावर यायचे.

“कसला दीड महिना?” ममदूहभावजींनी विचारलं.

“मागच्या वेळी याबांनी दीड महिन्यात उभी केली होती. मी होतो तिथे.”

“तू आलास तेव्हा आरे बसत होते. मी डोंगरातून अक्रोडाचं खोड ओढून आणत होतो तेव्हा तू अंगणात गोट्या खेळत होतास.”

“बरं, मग तू सांग किती लागले.”

“अख्खा हिवाळा. वर थोडं.”

काकूंनी हातातली भाकर खाली ठेवली. “काहीतरी बोलू नका रे. तुमचे याबा म्हणाले होते, जर्दाळू फुलायच्या आत. आणि आतच फिरली. त्या माणसाने जन्मात एक दिवस उशीर केला नाही.”

“यम्मा, तुला कसं आठवतं?”

“पहिलं पाणी चढलं तेव्हा मी हलवा वाटला होता. हलवा वाटलेला बाई विसरत नाही.”

“हलवा तू ईदलाही वाटतेस,” बहीजा म्हणाली. बहीजा माझी नणंद, दोघा भावांच्या मधली. नवरा गेल्यापासून माहेरीच होती. तिचा नवरा मागच्या वेळी सबाहियावर काकांच्या हाताखाली राबला होता. “मी सांगते. काम सुरू झालं त्याच आठवड्यात मी सलगमचं लोणचं घातलं होतं. बरणी संपली. दुसरी घातली. ती आंबून लालभडक झाली तरी आमच्या यांच्या केसांत भुसा होताच.”

“तुझा नवरा भुसा केसांत घेऊनच जन्माला आला होता,” नझीर म्हणाला.

“निदान त्याच्या केसांत काहीतरी होतं,” बहीजा म्हणाली. नझीरचा हात आपोआप कपाळावर गेला आणि काकूसुद्धा हसल्या.

हसू ओसरलं, पण गोंधळ तसाच राहिला. एकाच रहाटाबद्दल चौघं बोलत होते, चौघंही खरं बोलत होते, आणि कुणाचा काळ कुणाशी जुळत नव्हता. नझीरचं काम तो आला त्या दिवशी सुरू झालेलं, भावजींचं डोंगरात, बहीजाचं बरणीत, आणि काकूंचं संपलं होतं हलव्यापाशी.

भावजींनी थाळ्याच्या कडेला ऑलिव्हच्या बिया मांडायला घेतल्या. एक बी म्हणजे एक आठवडा. “हे लाकूड आणायचं. हे कापायचं. अबू लुत्फी करवतवाला म्हणतो तीन आठवडे.” त्यांनी दोन बिया ठेवल्या.

“तीन म्हणालास ना?”

“त्याचे तीन म्हणजे दोन. मी एक काढणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो एक घालून सांगतो.”

“मग दोनात देतो?”

“नाही. तीन लागतात.”

“मग तीन ठेव.”

“तीन ठेवले आणि त्याला कळलं तर चार लावेल.”

नझीरने तिसरी बी ठेवली. भावजींनी उचलली. बहीजाने आपल्या पुढ्यातली एक बी मध्ये टाकली आणि म्हणाली, ही पावसाची. नझीर म्हणाला, पाऊस छपराखाली पडत नाही, आणि ती उचलली. भावजी म्हणाले, छपराखाली लाट मावत नाही, आणि परत ठेवली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कोणती बी कामाची आणि कोणती खाल्लेली, हे मला कळेना. एवढ्यात काकूंनी सवयीने फडकं फिरवलं आणि सगळ्या बिया ओंजळीत गोळा केल्या.

“यम्मा, तो हिवाळा होता,” भावजी म्हणाले.

“मला वाटलं उष्टं,” काकू म्हणाल्या, आणि ओंजळ तशीच धरून बसल्या. बिया कुठे ठेवायच्या हे त्यांना सुचेना.

भावजींनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. मग शांतपणे नझीरला विचारलं, “खरं सांग. दीड महिना का म्हणालास?”

“तू दुप्पट करणार म्हणून.”

“आणि मी हिवाळा म्हणालो, तू अर्धा करणार म्हणून.”

“मग खरं किती?”

भावजींनी डोळे मिटले. त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते तेव्हा. मिटल्या डोळ्यांनी ते सबाहियाभोवती फिरून आले. लाट, आरे, कडेच्या पाट्या, पाण्याची खोकी. रहाटात खिळा नसतो, सरस नसतो. लाकूड कोरडं जोडायचं आणि मग नदीत सोडून वाट बघायची. ते पाणी पितं, फुगतं, खाचा आपोआप घट्ट होतात. तोपर्यंत चाक डुगडुगतं आणि खोकी पाणी धरत नाहीत. ही वाट बघायची मुदत त्यांनी बियांत धरलीच नव्हती. याबांच्या तोंडून ती कधी मोजलेली ऐकली नव्हती. याबांनी ती मोजली नव्हती की मोजून सांगितली नव्हती, हे त्यांना तेव्हाही समजलं नाही आणि मला सांगताना, पाय पसरून बसलेले असतानाही समजलेलं नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले. “फुलायच्या आत होत नाही. फुलं गळतात तेव्हा होतं. सगळं धरून, कुणाचं काही न काढता, न घालता.”

“हे त्याला सांगायचं नाही,” नझीर म्हणाला.

दुपारभर भावजींच्या बाजूने असलेली बहीजा आता एकदम नझीरकडे सरकली. “नाहीच सांगायचं. फुलायच्या आत म्हण. पुढचं पुढे. उशीर झालाच तर झाला, पण पंप बसला तर तू, मी, सगळेच बसलो.”

“आणि दुपारभर बरणी बरणी करत होतीस ती?”

“ते घरातलं बोलणं होतं, भाऊ. बाहेर बरण्या सांगायच्या नसतात.”

दोघांनी काकूंकडे पाहिलं. काकू आतापर्यंत नझीरच्या बाजूच्या होत्या. पण त्या उठल्या, चुलीमागच्या कोनाड्यात हात घालून काहीतरी काढलं, तेलाच्या फडक्याने पुसलं आणि भावजींच्या मांडीशी आणून ठेवलं. एक वाकस होता, दांड्याला चीर गेलेला. तो मी रोज बघत होते. बहीजा त्याने सरपण फोडायची.

“तुझे याबा हाच द्यायचे,” काकू म्हणाल्या. “बाकी तू ठरव.”

लग्नाच्या दिवसापासून पडलेलं माझं कोडं असं सुटलं. भावजी जराही चकित झाले नाहीत. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

अबू फायेझ तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर आला. बुटका, जाड मानेचा, अंगावर तपकिरी लोकरीचा पायघोळ अबाया. त्याने सगळ्यांची विचारपूस केली, काकांसाठी फातिहा म्हटला, बहीजाच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी कॉफी आणि पनीरचा हलवा ठेवला. हलव्याचा एक तुकडा त्याने घेतला. कॉफीचा पेला उचलून मात्र समोर जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला. शब्द मिळेपर्यंत आमच्याकडे पाहुणा कॉफी पीत नाही. पीत नाही तोवर घरातलं कुणी श्वासही धड घेत नाही.

“बोला, अबू नादिम,” तो भावजींना म्हणाला. नादिम भावजींचा थोरला मुलगा. घरातले त्यांना भाऊ म्हणत, बाहेरचे अबू नादिम.

“फुलं गळतात तेव्हा फिरेल,” भावजी म्हणाले.

नझीरने जमिनीकडे पाहिलं. दाराआड बहीजाने माझं मनगट धरलं.

अबू फायेझने मान डोलावली. “म्हणजे फळं पिकतात तेव्हा.”

“फळं नाही. फुलं गळतात तेव्हा.”

“तेच म्हणतोय मी. तुम्ही गळतात म्हणालात, म्हणजे पिकतात.”

“अबू फायेझ, मी जेवढं आहे तेवढंच सांगितलं.”

“तुमचे याबाही हेच म्हणायचे. अल्ला त्यांना जन्नत देवो, प्रत्येक वेळी म्हणायचे, जेवढं आहे तेवढंच सांगितलं.” त्याच्या आवाजात राग नव्हता. “ते म्हणायचे फुलायच्या आत, आणि रहाट फिरायचा फुलं गळताना. हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच आम्ही फुलायच्या आत मागायचो. खरं म्हणजे झाडांना पाणी लागतं फुलं गळल्यावर. त्याआधी पावसाची ओल पुरते.”

काकू पडद्याआडून म्हणाल्या, “माझ्या घरच्यांनी कधी उशीर केला नाही.”

“नाही केला, हाजिया,” अबू फायेझ आदराने म्हणाला. “आम्ही आधीच धरलेला असायचा.”

ते ऐकून काकू खाली बसल्या. चाळीस वर्षं ज्या गोष्टीचा त्यांनी मोहल्लाभर अभिमान मिरवला होता, ती गोष्ट कुणाची, नवऱ्याची की बागवाल्यांची, हे त्यांना ठरवता येईना.

मला मात्र भलतंच दिसत होतं. भावजींची मुदत आणि बागांची गरज तंतोतंत एका जागी येत होती. पण भावजी खरं सांगत होते म्हणूनच ते कुणाला दिसत नव्हतं. ते खोटं बोलले असते तर अबू फायेझने ते बरोबर ऐकलं असतं.

“त्याचं काय आहे,” अबू फायेझ म्हणाला, “तरुण पोरं पंपवाल्याला भेटून आली आहेत. त्याने दिवस सांगितला, तारीख सांगितली. मी त्यांना जाऊन सांगू, फळं पिकताना पाणी येईल? दगडाला घालायचं का ते पाणी?”

नझीर घाईने म्हणाला, “अबू फायेझ, भाऊ जरा जास्तच सांभाळून बोलतोय. फुलायच्या आतच धरा.”

“आता कोणतं धरू?” अबू फायेझने एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं. “दोन भाऊ, दोन मुदती. मधली धरू?”

भावजी उठले. मांडीशी असलेला चिरलेला वाकस तसाच राहिला. त्यांनी कमरेच्या पट्ट्यातून आपला वाकस काढला. काकांचाच होता तो. दांडा हातांच्या घामाने काळा झालेला, आणि जिथे अंगठा बसतो तिथे खोलगट. तो त्यांनी दोन्ही हातांनी अबू फायेझच्या पुढे धरला.

“फुलं गळतात तेव्हा,” ते म्हणाले. “हा घेऊन जा.”

अबू फायेझने वाकस घेतला, अबायाच्या आत पट्ट्यात खोचला आणि उठला. “सकाळी सगळ्यांना विचारून कळवतो.” कॉफीचा पेला जिथे ठेवला होता तिथेच राहिला. वरचा फेस विरून गेला होता.

दार लागलं आणि सगळे एकदम बोलू लागले.

“आता लाट कशाने तासणार? या लाकूडफोड्याने?” बहीजाने चिरलेला वाकस उचलून नाचवला.

“दुसरा घेईन बाजारातून.”

“तुझा हात दुसऱ्यावर बसतो? मागे लोहारानं दिलेला महिनाभर शिव्या देत वापरलास.”

“म्हणजे आता फुलं गळतानाही होणार नाही,” नझीर म्हणाला. “तू जी खरी मुदत सांगितलीस ती हातात हा वाकस धरून सांगितलीस. वाकस गेला, मुदत खोटी झाली.”

भावजी हे ऐकून थबकले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण खरं बोललो हे दाखवायला त्यांनी नेमकी तीच वस्तू देऊन टाकली होती जिच्यामुळे ते खरं होतं.

“मी जाऊन मागून आणतो,” नझीर म्हणाला.

“दिलेला शब्द मागून आणतात?” काकू म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, “पण आपण शेवटी शब्द कोणता दिला? तू म्हणालास आत, ममदूह म्हणाला गळताना, अबू फायेझने ऐकलं पिकताना.”

मी गार कॉफी उचलली. ओतून द्यावी की ठेवावी हेसुद्धा मला समजेना, म्हणून ती मी फडताळात ठेवून दिली.

सकाळी दार वाजलं तेव्हा मी कणीक मळत होते. अबू फायेझ एकटाच आला होता. भावजींना बोलवायची गरज पडली नाही. ते पहाटेपासून अंगणातच हात मागे बांधून फेऱ्या मारत होते.

अबू फायेझने आत येऊन आपला अबाया पुढे धरला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत उभा फाटला होता.

“पुलापर्यंतही पोचलो नव्हतो,” तो म्हणाला. “पाय उचलला आणि चर्र झालं. तुमच्या याबांचा वाकस मी तीनदा असाच कमरेला लावून नेला. कधी धागासुद्धा तुटला नाही. घरी आमची बायको, उम्म फायेझ, त्याने खुराड्याच्या खुंट्या ठोकायची.” त्याने पट्ट्यातून वाकस काढला, आता फडक्यात गुंडाळलेला. “हा धार लावलेला आहे.”

“आहे,” भावजी म्हणाले.

“हा रोजच्या कामाचा आहे.”

भावजींनी मान डोलावली.

“म्हणजे तुम्ही खरंच जेवढं आहे तेवढंच सांगितलंत.” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, आणि त्याला हसू आलं की वाईट वाटलं ते मला कळलं नाही. “हा घ्या. याला काम आहे. मला तो दुसरा द्या. तुमचे याबा द्यायचे तो. माझी खुंटी त्याच्या मापाची आहे.”

बहीजा आतून चिरलेला वाकस घेऊन आली. त्याला सरपणाचा चुरा चिकटलेला होता, तो तिने पदराने झटकला. देवघेव झाली. काकूंनी मला खुणावलं. नवी कॉफी करायला मी चुलीकडे वळले, तेवढ्यात अबू फायेझ म्हणाला, “कालची नाही का?” मी फडताळातून पेला काढला. त्याने गार कॉफी उभ्या उभ्या एका दमात पिऊन टाकली आणि तोंड वाकडं केलं.

“मग पोरांना सांगितलंत?” नझीरने विचारलं. “फुलं गळताना?”

“वेडा आहेस का,” अबू फायेझ म्हणाला. “गळताना म्हटलं असतं तर त्यांनी पिकताना ऐकलं असतं. मी सांगितलं, फुलायच्या आत.”

भावजींनी वाकसाची धार अंगठ्याने चाचपली आणि तसेच अंगणाबाहेर पडले. थोड्या वेळाने नदीकडून लाकडावरचे ठोके ऐकू यायला लागले.

त्या वसंतात सबाहिया पहिल्यांदा फिरली तेव्हा आम्ही सगळ्या बायका पुलावर उभ्या होतो. आधी ती नुसती कण्हली. मग वरून पहिलं खोकं पाटात उपडं झालं, आणि पाण्याबरोबर जर्दाळूच्या पाकळ्या आल्या, वाऱ्याने झाडांवरून नदीत पडलेल्या. तरुण मालकांपैकी कुणीतरी म्हणालं, उशीरच झाला म्हणायचा. अबू फायेझ म्हणाला, थोडासाच.

काकूंनी हलवा वाटला. घरी येताना त्या मला म्हणाल्या, “लक्षात ठेव हं, फुलायच्या आत फिरली.” मी हो म्हटलं. माझ्या ओल्या हाताला तेव्हा एक पाकळी चिकटलेली होती.